ऐकायचं दान

दर नाताळला आमटीला फोडणी द्यायची वेळ आणि जखऱ्या मास्तरांच्या प्रवचनाला रंग चढायची वेळ एकच असायची, आणि दोन्हींपैकी अयोध्याबाईंच्या वाट्याला दर वेळी फोडणीच यायची. पुढं मंदिरात मंडळी मांडी घालून बसलेली, मास्तरांचा आवाज चढलेला, आणि मागच्या अंगाला भिंतीपलीकडं अयोध्याबाई चुलाणापुढं उकिडव्या, डोळ्यांत धूर, हातात पळी. नाताळ जवळ आला की इतरांना आनंद व्हायचा. अयोध्याबाईंची कंबर दुखायला लागायची.

बोरखेडची ख्रिस्ती मंडळी तशी मूठभरच. तेरच्या स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवर गाव, गावाच्या कडेला मातीच्या भिंतींचं मंदिर. मास्तर आठवडाभर त्यातच शाळा भरवायचे आणि रविवारी तिथंच उपासना चालवायचे. अयोध्याबाई त्यांची बायको, म्हणजे अख्ख्या मंडळीची पाळकीणबाई. बाप्तिस्मा झाला तेव्हा मिशनच्या साहेबांनी त्यांना नवं नाव देऊ केलं होतं. "नाव बदलून कामं कमी व्हनार असली तर बदला," असं त्या म्हणाल्या, आणि साहेबांनी तो विषय सोडून दिला.

त्या वर्षी सगळं बिघडलं ते मास्तरांच्या चांगुलपणामुळं. नाताळ पंधरवड्यावर आला असताना त्यांनी प्रवचन केलं, की देवानं प्रत्येकाला काही ना काही कृपादान दिलेलं असतं. कुणाला एक गुण, कुणाला दुसरा. ज्यानं त्यानं आपलं दान शोधावं आणि ते मंडळीच्या कामी आणावं, म्हणजे मंडळी एकजीव होते. प्रवचन चांगलंच होतं. पण माणसाला आपला गुण शोधायला सांगणं म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सगळी मंडळी घरी गेली आणि शोधायला बसली, आणि पुढच्या रविवारी प्रत्येकाला आपापलं दान सापडलेलं होतं.

उपासनेनंतर मंदिरापुढच्या लिंबाखाली बैठक बसली. धुळाप्पा मंडळीचा पंच. मिशा झुबकेदार, त्यामुळं पहिला मान त्याचा.

"मला रातभर डोळ्याला डोळा न्हाय," तो म्हणाला. "पहाटं पहाटं उमगलं. माजं दान म्हंजी मसलत. कुनाचं काय चुकतंय ते मला लांबनंच दिसतंय."

हे सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं, पण ते दान आहे हे नव्हतं.

सिदूनं आपलं दान गाण्याचं असल्याचं सांगितलं. त्याचा गळा गोड, त्यात वाद नव्हता. "पन मग गळा जपाया लागतोय," तो म्हणाला. "धुराजवळ जायाचं न्हाय, वझं उचलायचं न्हाय." वझ्याचा आणि गळ्याचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या कोंडाबाईंचं दान प्रार्थनेचं. त्यांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळं आसपास लोक चुळबुळ करताहेत हे त्यांना कळायचं नाही, आणि त्यांनी जेवणाआधी प्रार्थना धरली की भाकरी पुन्हा तव्यावर टाकायची पाळी यायची. बानूबाईंचं दान निघालं आजाऱ्याचा समाचार घ्यायचं. त्या सकाळी घर सोडायच्या आणि सगळ्या गावाची दुखणीखुपणी, भांडणं, सोयरिकी असं सगळं गोळा करून दिवेलागणीला परतायच्या.

राहिला बिरू. दोन भरल्या घागरी एकदम उचलायचं बळ मंडळीत एकट्या बिरूच्या अंगात होतं. दर सणाला पाणी तोच आणायचा. अयोध्याबाईंची सगळी आशा त्याच्यावर होती.

"मला दृष्टांत व्हत्यात," बिरू लाजत म्हणाला.

"कवा?" धुळाप्पानं विचारलं.

"झोपल्यावर."

"मग त्यासाटी तुला काय करावं लागंल?"

"झोपावं लागंल," बिरू म्हणाला.

ते मंजूर झालं. धुळाप्पानं मिशीवरून हात फिरवला. "आता एक कायदा. एकानं दुसऱ्याच्या दानात हात घालायचा न्हाय, आन कुनी कुनाच्या दानाला न्हाय म्हनायचं न्हाय. जो तो आपल्या दानाला. ह्यालाच मास्तर एकी म्हंत्यात. व्हय का न्हाय, मास्तर?"

मास्तर तसं म्हणाले नव्हते. पण सगळी इतकी खुशीत होती, की मास्तरांना मोडता घालायचा धीर झाला नाही. त्यांनी नुसता घसा खाकरला, आणि तो होकार धरला गेला.

"आन पाळकीणबाईंचं दान वो?" कोंडाबाईंनी विचारलं.

"त्यांचं काय इचारायचं!" धुळाप्पा हसला. "सेवा! ते तर जगजाहीर हाय."

सगळ्यांनी आनंदानं माना डोलावल्या. अयोध्याबाई तेव्हा गुळाच्या चहाची चरवी घेऊन एकेकाच्या पुढं वाकत होत्या. चरवीचा काठ हाताला पोळत होता. सकाळपासून त्यांनी मंदिर झाडलं होतं, सडा घातला होता, जाजमं अंथरली होती, आणि हे सगळं दान होतं हे त्यांना आत्ता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दात घासत असताना अयोध्याबाईंनी विषय काढला.

"अवं, ह्या नाताळला मला म्होरं बसायचंय."

"कुठं पुढं?"

"मंदिरात. चटईवर. पयल्या गान्यापासनं शेवटच्या आशीर्वादापतुर." मग त्यांनी पाण्याचा तांब्या मास्तरांपुढं केला. "लगीन झाल्यापासनं तुमचं नाताळचं परवचन म्या भितीपल्याडनं ऐकतीया. तेबी अर्धं. आदाम पापात पडतोय तवर ऐकू येतंय. फुडं त्याचं काय झालं, ते आमटीच्या आवाजात जातंय."

मास्तर विरघळले. "मग बस की! कोण नको म्हणतंय? लवकर उरकून घे सगळं, आणि बस निवांत."

"उरकायचं कुनी?"

"म्हणजे… तूच… आपलं…" मास्तरांनी चूळ भरली आणि ती बराच वेळ तोंडात धरून ठेवली.

मास्तर वाईट नव्हते. पण चांगल्या माणसांची एक गोची असते: त्यांना वाटतं, जगातली कामं आपोआप होतात. अयोध्याबाईंना त्या क्षणी रडूच आलं. त्यांना दागिना नको होता, माहेरपण नको होतं. बसायचं होतं, एवढंच. आणि तेवढंसुद्धा मागून मिळत नव्हतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मंडळी प्रार्थनेला जमली. प्रार्थना झाल्यावर अयोध्याबाई उभ्या राहिल्या. त्या कधी उभ्या राहून बोलत नसत, म्हणून सगळी गप्प झाली.

"मलाबी माजं दान घावलंय," त्या म्हणाल्या. "सेवा न्हवं. ते तुमी शोधलं. म्या शोधलं ते निराळं हाय. माजं दान ऐकायचं."

"ऐकायचं?" धुळाप्पा म्हणाला. "ह्ये कसलं दान?"

"सिदू गानार, कोंडाबाई मागनं मागनार, मास्तर परवचन करनार, तुमी मसलत देनार. समदी बोलनार. मग ऐकनार कोन? उद्या म्या म्होरं बसून ऐकनार हाय."

"आन सैपाक?"

"ज्याला रांधायचं दान आसंल त्यानं रांधावं. दुसऱ्याच्या दानात म्या हात घालत न्हाय. कायदा तुमचाच हाय."

मसलत देणाऱ्याला मसलत सुचेना. मास्तरांनी छताकडं पाहिलं. मंडळी घरी गेली ती मात्र अगदी निर्धास्त. बानूबाई वाटेत म्हणाल्यासुद्धा, "आज बोलल्यात रागानं. सकाळच्याला उठत्यात का न्हाय बगा. सवय कुटं जाती?" सगळ्यांना ते पटलं.

सकाळ झाली. अयोध्याबाईंनी अंघोळ केली, ट्रंकेतलं हिरवं लुगडं नेसलं, वेणी घातली आणि मंदिरात जाऊन पहिल्या चटईवर बसल्या. मागं डाळ, पीठ, गूळ, आमटीत घालायच्या येसर मसाल्याचा डबा, सगळं त्यांनी आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. चुलाण तेवढं थंडगार होतं.

मंडळी एकेक करून आली. प्रत्येकानं आधी चुलाण पाहिलं, मग पाळकीणबाईंना पाहिलं, आणि मग आपल्या जागी बसून वाट पाहिली. आता उठतील, मग उठतील. धुळाप्पानं थंड चुलाणापुढं उभं राहून दोन-तीन मसलती दिल्या: लाकडं आडवी नको, उभी लावा, डाळ आधी भिजवा. पण लावायला आणि भिजवायला तिथं कुणी नव्हतं. बिरू लिंबाखाली घोंगडी पांघरून दृष्टांताची वाट पाहत घोरत होता.

त्या दिवशी बार्शीच्या बाजूनं मोठे पाळकसाहेब यायचे होते. त्यांना हैदराबादच्या सरहद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या नाक्यावर अडवलं होतं. पेटीत मंदिराच्या मेजावर घालायचं नवं पांढरं कापड निघालं, आणि ते विकायला नेताय की अंथरायला, यावर नाकेवाल्यांनी पुष्कळ विचार केला. साहेबांना उशीर झाला ही खरं तर देवाचीच कृपा. पण त्या कृपेचा उपयोग मंडळीनं नुसतं पाळकीणबाईंकडं बघत बसण्यासाठी केला. अखेर बानूबाई धापा टाकत आत आल्या.

"सायबाची गाडी वढ्याला आली! आन त्यांच्या गाडीवाल्याला म्या इचारलं, तर म्हनतोय, सायबानं पाटंपासनं चहाबिगर काय घेतलं न्हाय!"

तेव्हा कुठं सगळी ताडकन उठली. साहेब उपाशी, मंडळी उपाशी, आणि प्रीतिभोजनाच्या पंगतीला घोटभर पाणीसुद्धा भरलेलं नाही. पाव्हण्याला उपाशी ठेवलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. शिवाय बानूबाई समाचाराला आधीच दोन आळ्या फिरून आल्या होत्या, त्यामुळं गावाला कळायचं काही शिल्लकच नव्हतं.

"बाई," धुळाप्पा हात जोडून म्हणाला, "आता तरी उठा."

अयोध्याबाईंचे गुडघे खरंच हलले. इतक्या वर्षांची सवय. पण त्यांनी लुगड्याचा काठ मुठीत घट्ट धरला. "म्या ऐकाया बसलीया," त्या म्हणाल्या. "बोला, काय म्हनता?"

आणि मग, सगळं हातचं जातंय म्हटल्यावर, धुळाप्पाला आयुष्यातली पहिली कामाची मसलत सुचली. तो कोंडाबाईंच्या कानाला लागून ओरडला, "आत्याबाई! साहेब आलं की पयली प्रार्थना तुमची! धरायची, आन म्या खांद्याला हात लावंस्तवर सोडायची न्हाय!"

कोंडाबाईंच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. जन्मात त्यांना कुणी असं सांगितलं नव्हतं.

साहेब आले, धूळ झटकून पुढं बसले. मास्तरांनी कोंडाबाईंना प्रार्थना धरायची खूण केली. कोंडाबाईंनी हात जोडले, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि साहेब तर डोळे मिटण्याच्या बाबतीत फार कडक. कोंडाबाईंनी आकाश आणि पृथ्वी यांच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली.

जलप्रलय येईपर्यंत मंदिर निम्मं रिकामं झालं होतं. एकेक जण बोटांवर उठून मागच्या दारानं सटकला. बानूबाईंनी बिरूला लाथेनं उठवलं.

"झाला का दृष्टांत?"

"झाला," बिरू डोळे चोळत म्हणाला. "लई पानी दिसलं."

"मग जा, घिऊन ये!"

रॉकेलचा थेंब मिळत नव्हता. लढाई चालू होती. लाकडं दवानं ओली. सिदूनं सगळा गळा पणाला लावून फुंकणी फुंकली, आणि जो धूर झाला तो सगळा त्याच गळ्यात गेला. धुळाप्पानं बाह्या सारून भाकरी थापायला घेतली. एका भाकरीला तीन शेंडे आले, दुसरीचे तव्यापर्यंत जाता जाता दोन तुकडे झाले. "हात वला करा, मालक, हात!" त्याची बायको खुसफुसली. "कळतंय मला!" धुळाप्पा म्हणाला. आमटीत येसर टाकलंय का हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून जो आला त्यानं मूठभर टाकलं. एकीच ती.

आत अयोध्याबाई एकट्या ऐकत होत्या. साहेब होते, मास्तर होते, दोघांचे डोळे मिटलेले. कोंडाबाईंनी लढाईवर गेलेली पोरं देवाच्या हाती सोपवली, गावातल्या म्हशी सोपवल्या, हैदराबादच्या सरकारला सुबुद्धी मागितली, जावयाला मागितली. आणि तेवढ्यात मागून वास आला. आमटी बुडाला लागत होती.

चुलाणापुढं इतकी वर्षं काढलेल्या बाईला त्या वासापुढं बसून राहणं काय असतं, ते तिलाच ठाऊक. अयोध्याबाईंचा जीव नुसता तुटत होता. ढवळा रे, ढवळा कुणीतरी, असं त्या मनात ओरडत होत्या. रांधताना कंबर दुखायची. आता बसून बसून सगळं अंग दुखायला लागलं. पण त्या उठल्या नाहीत.

कोंडाबाईंचे विषय संपले. खांद्यावर हात पडेना. धुळाप्पा भाकरीत गुंतलेला. तेव्हा त्या बाईनं शांतपणे पुन्हा आकाश आणि पृथ्वी यांच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. साहेबांनी एकदा "आमेन" म्हटलं. मग मोठ्यानं म्हटलं. कोंडाबाईंना ऐकायला कमी येत होतं. शेवटी जलप्रलय दुसऱ्यांदा ओसरला आणि धुळाप्पा पळत येऊन खांद्यावर पिठाचा पंजा उमटवून खाली बसला.

साहेबांनी डोळे उघडले. मंडळी जागच्या जागी होती. बिरू कमरेपर्यंत भिजलेला होता, धुळाप्पाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. आणि धुरानं लहानथोर सगळ्यांचे डोळे लालबुंद, पाणी वाहतंय. साहेबांना गहिवरून आलं.

"अशी प्रार्थना, आणि असे अश्रू," ते म्हणाले, "मी बारा गावचं पाणी प्यालो, पण कुठं पाहिले नाहीत."

मंडळीनं नम्रपणे नाकं पुसली. सिदू गायला उठला. आवाज फाटक्या भात्यासारखा निघाला, पण साहेबांना तोही गहिवरच वाटला.

मग मास्तर प्रवचनाला उभे राहिले. अयोध्याबाई सावरून बसल्या. आदाम पापात पडला, आणि पहिल्यांदाच त्या त्याच्यामागं पुढं गेल्या. मास्तर छान बोलत होते. काही ठिकाणी लांबण लावत होते, तेही त्यांना आवडलं. नवरा इतकं बोलतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. घरी तर "मीठ कमी आहे" याच्यापुढं तो फारसा जात नसे. शेवट जवळ आला. मास्तरांचा आवाज खाली आला, हळवा झाला. त्यांनी सवयीनं डोळे मिटले.

"आणि दर वर्षीप्रमाणं," मास्तर म्हणाले, "जी या घटकेला भिंतीमागं धुरात बसली आहे, जिच्या कष्टांवर ही मंडळी उभी आहे आणि मीही उभा आहे, त्या माझ्या अयोध्येसाठी देवाचे…"

इथं त्यांनी डोळे उघडले. अयोध्या समोर हिरव्या लुगड्यात बसली होती.

मास्तर खरं बोलणारा माणूस. चुलीपाशी जी नव्हती तिचं नाव चुलीसाठी घ्यायचं कसं? त्यांनी घसा खाकरला, घाम पुसला.

"म्हणजे, या वर्षी… धुळाप्पा, सिदू, बिरू, बानूबाई, यांच्यासाठी देवाचे आभार."

"आमेन," मंडळी म्हणाली.

अयोध्याबाई शेजारच्या बानूबाईंकडं वळल्या. "दर वर्साला म्हनत्यात?"

"दर वर्साला. तुमचं नाव घेताना मास्तरांचा गळा दाटतोय, आमी समदी डोळं पुसतोय. तुमाला ठावं न्हाय?"

"मला कोन सांगनार?"

"आमाला वाटलं, घरीबी म्हनत असतील."

त्या आमेनचा आवाज अयोध्याबाईंनी दर वर्षी भिंतीपलीकडून ऐकला होता. तो कानावर पडला की त्या पत्रावळी मांडायला उठायच्या. त्यांना हसावं की रडावं कळेना. इतक्या वर्षांत एकदा बसल्या, आणि नेमकं त्याच वर्षी नाव गेलं धुळाप्पाच्या मिशांना.

पंगत बसली. साहेबांनी करपलेल्या आमटीत तीन शेंड्यांची भाकरी बुडवली, घास घेतला, पाणी प्यायले, आणखी पाणी प्यायले. "ह्याला कुणाकुणाचा हात लागलाय?" त्यांनी विचारलं.

"समद्यांचा, साहेब," धुळाप्पा अभिमानानं म्हणाला.

"ते कळतंय," साहेब म्हणाले, आणि भुकेपोटी दुसरी भाकरी घेतली.

दुपारी साहेबांची गाडी गेली. मंडळी दमली होती. एका दिवसाच्या स्वयंपाकानं सगळ्यांच्या कमरा धरल्या होत्या, आणि लिंबाखाली जो तो आडवा झाला होता, दृष्टांतासाठी नव्हे. अयोध्याबाई मागं गेल्या. करपलेली भांडी ढिगानं पडली असणार हे त्यांना माहीत होतं. पण तिथं मास्तर धोतर खोचून बसले होते, हातात राख आणि काथ्या, पुढ्यात आमटीचं पातेलं. घासता येत नव्हतं. घासत होते.

अयोध्याबाई दगडावर टेकल्या.

"अवं," त्या म्हणाल्या, "ते मगाचं वाक्य म्हना की. अर्धं ऱ्हायलं."

मास्तरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "इथं? असं कसं म्हणू? कुणी ऐकलं तर?"

"म्हना."

मास्तरांनी मान खाली घातली. पातेल्याच्या बुडाकडं बघत, काथ्या फिरवत, अगदी हळू आवाजात त्यांनी ते सगळं म्हटलं. धुराचं म्हटलं, कष्टांचं म्हटलं, आणि नावापाशी आल्यावर त्यांचा गळा दाटला.

"ऐकाया न्हाय आलं," अयोध्याबाई म्हणाल्या. "पुन्यांदा म्हना."